खेचर वांझ असतं, मग ही माकडं कशी नाहीत?

टिपकागद (धागाकर्ता)

शाळेत पाठ केलेली एक व्याख्या माझ्या डोक्यात पक्की बसली होती. नर-मादीला पिल्लू झालं आणि त्या पिल्लालाही पुढे पिल्लं झाली, तर दोघं एकाच प्रजातीचे. नाही झाली, तर वेगळ्या. पुराव्याला घोडा, गाढव आणि बिचारं वांझ खेचर. विषय संपला.

गेले काही महिने बबून माकडांबद्दल वाचतोय आणि त्या व्याख्येचा पार भुगा झालाय. बबूनच्या सहा प्रजाती मानतात. त्यांच्या वाटा फुटायला लागून १५ ते २० लाख वर्षं झाली असावीत. दिसायला वेगळ्या, वागायला तर फारच वेगळ्या. तरीही दोन प्रजातींच्या हद्दी जिथे भिडतात तिथे संकर सापडतो. तोही एखादं चुकार पिल्लू वगैरे नाही, टोळ्याच्या टोळ्या मिश्र.

सगळ्यात जास्त माहिती केनियातल्या अंबोसेलीची आहे. १९७१ पासून तिथे बबूनांची पिढ्यान्‌पिढ्यांची वही भरली जातेय. कोण कुणाच्या पोटचा, कधी वयात आला, कुणाशी जुगला, कधी मेला, सगळं. इथले मूळचे रहिवासी पिवळे बबून: सडपातळ, लांब हातापायांचे, पोटाकडे पांढुरके. १९८० च्या दशकात तिथे अनुबिस बबून शिरताना दिसले: दणकट, हिरवट करडे, मानेभोवती दाट केस. मग व्हायचं ते झालं.

आता गंमत बघा. या संकरित पिल्लांचं काही बिघडलेलं दिसत नाही. उलट अनुबिसचा वाटा जास्त असलेली पिल्लं लवकर वयात येतात, आणि असे नर माद्या मिळवण्यात वरचढ ठरतात. मग संकर फायद्याचाच म्हणायचा. पण २०२२ साली जेनी टंग आणि सहकाऱ्यांनी इथल्या ४४० च्या आसपास बबूनांचे जीनोम (म्हणजे सगळी जनुकीय माहिती) वाचले. त्यात दोन गोष्टी निघाल्या. एक, ही मिसळ १९८० ची नव्हेच, शेकडो पिढ्या जुनी आहे. आपण 'शुद्ध पिवळा' म्हणत होतो त्याच्याही अंगात अनुबिस आहे. आणि दुसरी, जीनोमच्या महत्त्वाच्या भागांत, म्हणजे जिथे जनुकं आणि त्यांची बटणं असतात तिथे, अनुबिसचे तुकडे अपेक्षेपेक्षा कमी आहेत. कुणीतरी खडे वेचावेत तसे ते पिढ्यान्‌पिढ्या वेचून बाहेर काढले गेलेत.

म्हणजे डोळ्यांना ठणठणीत दिसणारा प्राणी, आणि त्याच्या आत मात्र निवड गुपचूप काम करतेय. प्रजातींमधल्या भिंतीला भिंत म्हणायचं की चाळण? जाणकारांनी भर घालावी.

निळीशाई

मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे. एक शंका: इतकी मिसळ होऊनही दोन्ही प्रजाती एकजीव का होत नाहीत? दुधात पाणी घातलं की परत वेगळं थोडंच करता येतं?

खडूफळा

धागा चांगलाच आहे, पण आधी एक कुरकुर. मराठी विश्वकोशात 'स्पीशीज' म्हणजे जाती आणि 'जीनस' म्हणजे प्रजाती. तुम्ही सरसकट प्रजाती म्हणताय. या हिशोबाने बबूनची 'प्रजाती' एकच आणि 'जाती' सहा.

टिपकागद

खडूफळा सर, मान्य. पण हल्ली वर्तमानपत्रापासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळे स्पीशीजला प्रजाती म्हणतात, आणि 'जातींचा संकर' असं शीर्षक दिलं असतं तर धागा भलतीकडेच गेला असता. या धाग्यापुरतं चालवून घ्या.

निळीशाई, दुधात पाणी नकोच, डाळ-तांदूळ म्हणा. गुणसूत्रं विरघळत नाहीत. दर पिढीत त्यांचे तुकडे होऊन नव्याने जोडले जातात, त्यामुळे एक तुकडा राहतो आणि त्याच्या शेजारचा जातो. चाळण त्यामुळेच शक्य होते.

पाचर

रोज जीनोमच्या फायलींमध्येच तोंड घालून बसतो म्हणून थोडं वाकडं बोलतो. दोन प्रजातींत समान तुकडे सापडले की लोक लगेच 'संकर!' म्हणून उड्या मारतात. थांबा. तो वारसाही असू शकतो.

गोरिलाचंच घ्या. चिंपांझी आपला सगळ्यात जवळचा, गोरिला त्यानंतर, हे ठरलेलं आहे. तरी जीनोमच्या साधारण ३० टक्के भागात गोरिला माणसाच्या किंवा चिंपांझीच्या जास्त जवळ निघतो, ती दोघं एकमेकांच्या जवळ असण्यापेक्षाही. याला संकर लागत नाही. तिघांच्या पूर्वजांच्या कळपात एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं होती, आणि वाटण्या होताना ती कशीही वाटली गेली, एवढंच.

मग ओळखायचं कसं? जुन्या हस्तलिखितांवर काम करणारे लोक जे करतात तेच. समजा क आणि ख या एकाच घराण्यातल्या दोन प्रती, आणि ग दूरच्या घराण्यातली. क मधल्या काही चुका ग मध्येही सापडल्या. त्या चुका मूळ पोथीतच असतील, तर ख आणि ग मध्येही तितक्याच समान चुका सापडायला हव्यात. वाटणी दोन्हीकडे सारखी पडते. पण क-ग मध्ये ढीगभर आणि ख-ग मध्ये मोजक्या असं असेल, तर क च्या लेखनिकाने कधीतरी ग समोर ठेवून उतरवलं आहे. जीनोममध्येही हाच हिशोब मांडतात. वाटणी समान पडली तर वारसा, एका बाजूला झुकली तर उसनवारी.

अंबोसेलीचं काम या कसोटीला उतरतं, ते मला मान्य. पण प्रत्येक बातमी उतरत नाही.

टिपकागद

पाचर, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी झालाय. लेखनिकाची उपमा ढापतोय.

गोगलगाय

खेचर वांझ असतं कारण घोड्याची गुणसूत्रं ६४ आणि गाढवाची ६२, म्हणून खेचराला विषम ६३ येतात, असं ऐकलंय. माकडांमध्ये गुणसूत्रांची संख्या सारखी असते का? नसेल तर मग अडत कसं नाही?

सांजवात

गोगलगाय, सारखी मुळीच नसते, आणि तरी नेहमी अडतंच असंही नाही.

टांझानियातलं गोम्बे चिंपांझींमुळे प्रसिद्ध, पण तिथे ग्वेनॉन गटातल्या दोन माकडांचा संकर कित्येक दशकं चाललाय. लाल शेपटीच्या माकडाची गुणसूत्रं ६६, निळ्या माकडाची ७२. दोघांच्या पिल्लाला आईकडून अर्धी आणि बापाकडून अर्धी, म्हणजे ३३ आणि ३६, एकूण ६९. पुस्तकी हिशोबाने हे पिल्लू वांझ हवं. प्रत्यक्षात संकरित माद्या पिल्लं छातीशी धरून फिरताना दिसल्या आहेत. केट डेटवायलर यांनी तिथल्या माकडांची मायटोकॉन्ड्रिया (पेशीतला, स्वतःचा वेगळा डीएनए असलेला भाग) तपासली तेव्हा ही देवघेव दिसते त्यापेक्षा कितीतरी खोलवर गेलेली निघाली. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतं, म्हणून कुठल्या प्रजातीची माय कुठे शिरली हे त्यावरून कळतं.

याहून टोकाचं उदाहरण म्हणजे १९७५ सालचा 'सायाबॉन'. अमेरिकेत अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात एका पिंजऱ्यात गिबन नर आणि सियामांग मादी ठेवली होती. एकाची गुणसूत्रं ४४, दुसरीची ५०. काही होणार नाही असंच सगळे धरून चालले असणार. पिल्लू झालं, ४७ गुणसूत्रांचं!

गोगलगाय

धन्यवाद ताई. म्हणजे आकडा हा अडथळा आहे, पण कुलूप नाही.

पाचर

आकड्यापेक्षा जोड्या नीट लागतात का हे महत्त्वाचं. तुकडे तेच असतील, फक्त कुठे दोन चिकटलेले आणि कुठे सुटे, तर पेशी सांभाळून घेऊ शकते. क्रम उलटापालटा झालेला असेल तर भट्टी बिघडते.

आणि बिघडते तेव्हा संकरित नर आणि मादी दोघांचीही सारखी बिघडत नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली नियम सांगितला: संकरात एकच लिंग वांझ किंवा कमजोर निघत असेल, तर ते बहुतेक वेळा ज्याची लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी असतात ते. सस्तन प्राण्यांत म्हणजे नर. मेक्सिकोत ताबास्कोला हाउलर माकडांच्या दोन प्रजाती भेटतात, वेगळ्या होऊन ३० लाख वर्षं झालेल्या. तिथे संकरित माद्या पुढे प्रजा वाढवतात, पहिल्या पिढीतल्या नरांकडून मात्र ती पुढे गेल्याचं दिसत नाही. शिवाय तिथली बहुतेक संकरित माकडं पुन्हापुन्हा एकाच बाजूला मिसळून इतकी त्या बाजूसारखी दिसायला लागलीत, की नुसतं बघून कुणी सांगूच शकणार नाही. रानात बसून, दुर्बिणीतून बघून 'इथे संकर नाही' असं लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कोडगा

सगळ्यांच्या मनातला प्रश्न मीच विचारतो, मग शिव्या घाला. माणूस आणि चिंपांझी?

टिपकागद

शिव्या कशाला. हा प्रयोग खरंच झालाय. इल्या इवानोव नावाचा सोव्हिएत शास्त्रज्ञ, घोड्यांच्या कृत्रिम रेतनातला मोठा माणूस, १९२६-२७ मध्ये फ्रेंच गिनीत गेला आणि त्याने तीन चिंपांझी माद्यांवर मानवी वीर्याचं कृत्रिम रेतन केलं. एकही गाभण राहिली नाही. त्यानंतरचे त्याचे बेत वाचवत नाहीत, इथे लिहीतही नाही. १९३० मध्ये अटक, मग कझाकस्तानात हद्दपारी, १९३२ मध्ये मृत्यू.

दुसरा किस्सा 'ऑलिव्हर' नावाच्या चिंपांझीचा. दोन पायांवर चालायचा, डोकं टकलं, चेहरा सपाटसर. ४७ गुणसूत्रं आहेत, अर्धा माणूस आहे अशी हूल वर्षानुवर्षं चालली. १९९० च्या दशकात तपासलं तर ४८. साधा चिंपांझी. हौसेपायी आयुष्यभर तमाशा झाला बिचाऱ्याचा.

कोडगा

म्हणजे नाही. बरं झालं.

निळीशाई

चिंपांझी आणि बोनोबोंचं काय? ते तर चुलत भावंडंच ना?

पाचर

त्यांच्यामध्ये काँगो नदी आडवी आहे, आणि दोघांनाही पोहता येत नाही. त्यामुळे फारकत पक्की, असंच मानायचे. २०१६ साली जीनोम ताडून पाहिले तर मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींमध्ये बोनोबोचा अंश निघाला. एक टक्क्याहून कमी, पण निघाला. नदीनं कधीतरी वाट दिली असणार.

आणि हा हिशोब पोथीवाल्या कसोटीनंच लागला, बरं का. नदीपलीकडच्या बोनोबोशी पश्चिम आफ्रिकेतल्या चिंपांझींचं जितकं साम्य, त्यापेक्षा मधल्यांचं जास्त.

सांजवात

मला या सगळ्यात जनुकांपेक्षा वागणुकीचं जास्त कुतूहल वाटतं. पिल्लू होणं पुढचं, आधी दोघांचं जमायला हवं ना.

इथिओपियात आवाश नदीकाठी अनुबिस आणि हमाद्रियास बबूनांची सरहद्द आहे. हमाद्रियास नराच्या खांद्यावर रुपेरी आयाळ, आणि त्याचा ठरलेला जनानखाना. मादी जरा लांब गेली की धावत जाऊन मानेला चावतो आणि ती मुकाट मागे येते. अनुबिसमध्ये हा प्रकार नाही. मादी आपल्या आया-बहिणींसोबत राहते, नर बाहेरून येतात. हान्स कुमर यांनी अनुबिस माद्या हमाद्रियास टोळीत सोडून पाहिल्या. थोड्याच वेळात त्या चावणाऱ्या नराच्या मागे जायला शिकल्या. पण टिकल्या नाहीत, बहुतेकींनी पुढे संधी साधून पळ काढला.

आता संकरित नराची अवस्था बघा. त्याच्यात राखण करण्याची उबळ अर्धीच उतरलेली असते. मादीच्या मागे धावतो आणि मध्येच विसरतो, जनानखाना काही जमत नाही. (हसू येतं, पण त्याच्यासाठी हा वंशाचा प्रश्न आहे.)

गिबनांचंही असंच. नर-मादी पहाटे जोडीनं गातात आणि प्रत्येक प्रजातीची चाल वेगळी. ही चाल शिकून येत नाही, जन्मजात असते. थायलंडमध्ये खाओ याईच्या जंगलात दोन गिबन प्रजाती भेटतात. तिथल्या संकरित मादीचं गाणं धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही, बरोबर मधलं. अभ्यासक झाडावरचा प्राणी दिसण्याआधी कानाने संकर ओळखतात.

गोगलगाय

'पहाटे ऐकून संकर ओळखणे' हे काम कुठे मिळतं? अर्ज करतो. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

खडूफळा

मूळ प्रश्न उत्क्रांतीकडे जाणारा होता. आतापर्यंतची सगळी उदाहरणं जुन्या दोन प्रजाती मिसळल्याची. संकरातून अख्खी नवी प्रजाती उभी राहिली आहे का? वनस्पतींत गव्हासारखी उदाहरणं आहेत. नरवानर गणात?

टिपकागद

आहेत, आणि त्यातलं एक तर सुंदर आहे. चीनमधल्या ग्वेइजोऊ प्रांतात फानजिंगशान पर्वतावर करडं आखूडनाक्या माकड राहतं. जगात दुसरीकडे कुठेच नाही. २०२३ साली जीनोम वाचल्यावर कळलं, की साधारण १८ ते १९ लाख वर्षांपूर्वी सोनेरी आखूडनाक्याची शाखा आणि काळ्या आखूडनाक्यांच्या पूर्वजांची शाखा मिसळून हे माकड झालं. अंगावरही तीच वाटणी. अंग करडं, पण छातीवर सोनेरी झाक. रंगाशी संबंधित जनुकं दोन्ही घराण्यांतून वेचून आलेली सापडली. आणि जोडीदार निवडताना रंग बघत असतील, तर या नव्या रंगानेच तिसरं कुंपण घातलं असण्याची शक्यता मांडली आहे.

पाचर

छान आहे, पण 'शक्यता' शब्दाखाली रेघ मारा. संकर होऊन गेला हे दाखवणं एक, आणि संकरामुळेच प्रजाती वेगळी झाली हे दाखवणं दुसरं. दुसऱ्यासाठी, संकरातून आलेल्या गुणानेच आईबापांच्या प्रजातींशी फारकत घडवली हे दाखवावं लागतं. फानजिंगशानचं माकड त्या कसोटीच्या बरंच जवळ जातं, एवढं मी मानतो. आखूड शेपटीच्या मॅकाकचं बघा: मायटोकॉन्ड्रिया लालतोंड्याच्या गटाचं, वाय गुणसूत्र दुसऱ्याच गटाचं. आईकडचं घराणं एक, बापाकडचं दुसरं. संकर नक्की. पण त्यातून 'संकरानेच घडवलं' इथवर उडी मारायला मी तयार नाही.

अजून एक खबरदारी. मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे कधीकधी केंद्रकातल्या गुणसूत्रांत जाऊन चिकटतात आणि तिथे जीवाश्मासारखे पडून राहतात. प्रयोगशाळेत चुकून तेच वाचले तर भलताच वंशवृक्ष निघतो. सोनेरी वानर आणि टोपीवालं वानर यांच्याबाबतीत हा घोळ होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रवीण कारंथ यांनी २००८ च्या सुमारास तो निस्तरला. तोतये तुकडे बाजूला काढल्यावरही विसंगती उरलीच: मायटोकॉन्ड्रिया आपल्या नेहमीच्या वानराच्या बाजूचं, बाकी जीनोम पूर्वेकडच्या पानखाऊ माकडांच्या बाजूचा. म्हणजे जुना संकर खराच, पण तो असा गाळून घ्यावा लागतो.

टिपकागद

'तोतये तुकडे' आवडलं.

निळीशाई

निअँडरथल (माणसाचा नामशेष झालेला भाऊबंद) अजून कुणी काढला कसा नाही?

टिपकागद

मुद्दाम टाळत होतो, त्यावर सगळ्यांचं वाचून झालेलं असतं. पण चाळणीचा मुद्दा तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतो. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत निअँडरथलचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. पण तो सारखा पसरलेला नाही. एक्स गुणसूत्रावर बाकीच्यांच्या साधारण पाचवा हिस्साच उरलाय, आणि काही ठिकाणी तर लांबच लांब ओसाड पट्टे आहेत. रोमानियातल्या ओआसे गुहेतल्या ४०,००० वर्षांपूर्वीच्या माणसात हाच वाटा ६ ते ९ टक्के होता, कारण त्याचा निअँडरथल पूर्वज जेमतेम चार-सहा पिढ्या मागचा. म्हणजे बबूनांत जी खडे वेचायची प्रक्रिया आहे, तीच आपल्यातही झाली.

आणि वेचून न काढलेलं कधी कामाला येतं, कधी अंगाशी येतं. तिबेटी लोकांना उंचावर तगायला मदत करणारं जनुकाचं रूप डेनिसोव्हा माणसांकडून (निअँडरथलसारखाच आणखी एक नामशेष मानवगट) आलं. उलट २०२० मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक निअँडरथल तुकडा कोविड गंभीर होण्याशी जोडला गेला. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे तो आहे. इतका टिकलाय म्हणजे पूर्वी त्याचा काही फायदा असावा, असा तर्क आहे.

खडूफळा

सायबेरियातल्या त्या मुलीचा उल्लेख राहिला. डेनिसोव्हा गुहेत हाडाचा एक छोटा तुकडा मिळाला, तेरा-एक वर्षांच्या मुलीचा, ९०,००० वर्षांपूर्वीचा. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हा. थेट पहिली पिढी! २०१८ साली हे छापून आलं तेव्हा मी तो परिच्छेद तीनदा वाचला होता.

कोडगा

मग सगळेच मिसळलेले असतील तर 'दुर्मीळ प्रजाती वाचवा' वगैरे कशासाठी? मिसळू द्या की. निसर्गच आहे.

सांजवात

कोडगा, वेग बघा ना. ब्राझीलच्या आग्नेय भागात एक छोटं मार्मोसेट आहे, कानांवर फिकट केसांचे झुपके असलेलं, आधीच मोजकं उरलेलं. पाळायला म्हणून आणलेली दुसऱ्या भागातली मार्मोसेट लोकांनी कंटाळून त्याच्या जंगलात सोडली. ती जास्त चिवट, संख्येने जास्त. आता मूळचं माकड त्यांच्यात मिसळून पुसलं जातंय. अंबोसेलीत चाळणीला शेकडो पिढ्या मिळाल्या. इथे एका बाजूला मूठभर जीव, दुसऱ्या बाजूला लोंढा, आणि वेळ काही दशकांचा.

बोर्निओतही तसंच काहीसं. किनाबातांगान नदीकाठी एक चमत्कारिक माकड दिसलं, पर्यटकांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले. २०२२ मध्ये अभ्यासकांनी फोटोंवरून मोजमापं घेऊन म्हटलं, की हे लांबनाक्या माकड आणि रुपेरी पानखाऊ माकड यांचं पिल्लू असावं. खडूफळा सरांच्या भाषेत दोन वेगळ्या 'प्रजाती'! पाम तेलाच्या लागवडीने जंगलाची नदीकाठची पट्टीच उरलीय, त्यात दोघं कोंबले गेले. एका फोटोत ती मादी पिल्लाला छातीशी घेऊन बसलेली दिसते. तिचंच की दुसरीचं सांभाळतेय, फोटोवरून ठरत नाही.

कोडगा

हम्म. वेगाचा मुद्दा पटला. बाकीचा विचार करतो.

पाचर

जाता जाता, ज्यांना जीनोमपेक्षा हाडं आवडतात त्यांच्यासाठी. रिबेका अ‍ॅकरमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पिवळा आणि अनुबिस यांच्या पहिल्या पिढीतल्या संकरित बबूनांच्या कवट्या तपासल्या. वंशावळ नोंदलेली होती, त्यामुळे कोण शुद्ध आणि कोण मिश्र यात शंका नाही. मिश्र कवट्यांत जादा दात सापडले. तेही चुकूनमाकून नाही, शुद्ध कवट्यांपेक्षा बरेच जास्त वेळा, आणि काहींत दोन्ही बाजूंना. शिवाय गालाच्या हाडांवर नको तिथे सांधे. जणू दोन नकाशे एकमेकांवर ठेवून बांधकाम केलंय. प्राण्याला याचा काही त्रास होता असं नाही, चावून खात होता.

तेव्हापासून जीवाश्म कवटीचा फोटो दिसला की मी आधी दात मोजतो.

टिपकागद

आता मीही मोजणार. त्या कवट्यांचे फोटो कुठे बघायला मिळतील का?